पाच तास वीस मिनिटं

१

स्टीलचा डबा उघडला, टॉवेलाची गाठ सोडली, आणि नांदेडच्या श्रीमंतनं रविवारी भरदुपारी लातूरला वीरण्णाला फोन लावला.

"अण्णा, कार्ड बदललंय."

"बदललंय म्हंजे?"

"म्हंजे चोरलंय! आपलं तीन पंख्यांचं गेलं. डब्यात दोन पंख्यांचं जुनं घालून पाठवलंय. हातात घेतल्या घेतल्या वजनावरनं कळलं मला."

वीरण्णा खुर्चीत सरळ झाला. वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून जन्म घालवलेला माणूस. रिटायर झाला, पाठोपाठ बायको नागुबाई गेली, आणि घर इतकं गप्प झालं की संगणकाचा पंखा घरघरायचा तेवढीच सोबत उरली.

ग्राफिक्स कार्ड लोक घेतात ते खेळायला नाहीतर व्हिडिओ करायला. पण तेच कार्ड एका दमात हजारो गणितं सोडवतं. परदेशातल्या काही संशोधकांना अशी अब्जावधी गणितं सोडवायची होती. शरीरातलं प्रथिन घडी कसं घालतं, ती घडी चुकली की माणसाचे हात का थरथरतात, असली. त्यांनी जगाला सांगितलं, तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा आम्हाला उसना द्या. इंटरनेटवरून एक 'काम' येतं, कार्ड ते सोडवून परत पाठवतं. बदल्यात काही मिळत नाही. आणि फुकट राबणाऱ्याला आपल्याकडं वेडा म्हणतात, म्हणून हे पाच वेडे एकमेकांना सापडले. नांदेडला कॉम्प्युटर क्लास चालवणारा श्रीमंत, रेणापूरच्या शेतवस्तीवरचे निवृत्त विज्ञानशिक्षक संगप्पा, औशाचा फोटो स्टुडिओवाला बजरंग, चाकूरला लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारी लुंबिनी, आणि वीरण्णा.

श्रीमंतच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशी जाताना आपलं भारी कार्ड चमूला दिलं होतं. सहा महिने ते श्रीमंतच्याच क्लासात चाललं, पण कायम एकाच्या घरी ठेवायचं तर भांडणं. म्हणून श्रीमंतनं पाळी लावली. कार्तिकात संगप्पा, मार्गशीर्षात बजरंग, पौषात लुंबिनी, माघात तो स्वतः. महिना संपला की कार्ड टॉवेलात, टॉवेल डब्यात, डबा एसटीनं पुढच्या घरी. ज्याच्याकडं कार्ड जाईल त्यानं ते स्वतःच्या नावावर नाही, 'गोदा-मांजरा' या चमूच्या नावावर चालवायचं, आणि एका कामाला किती वेळ लागला ते तक्त्यात भरायचं. कुठल्या घरात, कुठल्या मशीनवर कार्ड कसं चालतं याची तुलना.

"तक्ता बघा," श्रीमंत म्हणाला. "संगप्पा सर, दोन तास दहा मिनिटं. बजरंग, दोन तास अकरा. आणि लुंबिनी, पाच तास वीस! कार्ड कुठं बदललं ते शेंबडं पोर सांगंल. वर म्हणते, सहा दिवस लग्नाचं मिक्सिंग होतं म्हणून कार्ड बंद ठेवलं. बजरंग लई हसला. पौषात कुणाचं लग्न असतंय?"

"हाव," वीरण्णा बोलून गेला. "पौषात कुठलं लग्न."

"मग झालं तर! बुधवारी मी पोलीस ठाण्यात जाणार. अशा लोकांना घरात घेतलं की..."

पुढचं त्यानं गिळलं. गिळलं तरी वीरण्णाला ते ऐकू आलं. आणि आपणही आत्ताच मान डोलावली, हेही त्याला कळलं.

"बुधवारपर्यंत ग्रुपवर एक अक्षर टाकू नको," तो म्हणाला. "उद्या मी चाकूरला जातो."

२

लुंबिनीचं घर म्हणजे दोन खोल्या. एकीत संसार, दुसरीत संगणक. तिच्या आईनं, भामाबाईनं, चहा ठेवला आणि पाहुण्याकडं न बघता विचारलं, "भाऊ, चौकशीला आलाव का चहाला?"

"आई!"

"इचारू दे की. काल त्या नांदेडवाल्याचा फोन आल्यापासनं पोरगी जेवली न्हाई."

वीरण्णानं कप खाली ठेवला. खोटं बोलायचं वय उरलं नव्हतं. "चौकशीलाच आलोय, ताई. लुंबिनी, पौषात लग्न कुणाचं होतं?"

लुंबिनीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. रागानं नाही. हे आयुष्यात शंभरदा समजावून झालेल्या माणसासारखं पाहिलं. मग स्क्रीनवर एक व्हिडिओ लावला. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या कपड्यातला नवरा, समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, वंदना चाललेली. कोपऱ्यात तारीख. भर पौषातली.

"काका, आमच्यात मुहूर्त बघत न्हाईत. रविवार आन् रिकामा हॉल बघतेत. दोन लग्नं होती. दोन्हीचं मिक्सिंग मीच केलं."

वीरण्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्रेसष्ट वर्षं याच मातीत काढली, शेजारच्या गल्लीत लग्नं कधी लागतात ते ठाऊक नाही. आणि त्या अडाणीपणावर एका पोरीला चोर ठरवायला निघाले होते सगळे.

"शूटिंगलाबी मीच लग्नाच्या घरात जाते काका. खोलीत दागिने उघडे पडलेले असतेत, नवरीची आई म्हणती, लुंबिनी, जरा लक्ष ठेव गं. त्या भरोशावर माझं काम हाय. बुधवारी माझं नाव ठाण्यात गेलं, तर खरं-खोटं नंतर. मला घरात कोण घेईल?"

"डबा उघडला तवा तुला काही वेगळं दिसलं न्हाई?"

"दिसलं की. सांगितलं की." तिनं फोन पुढं केला. ग्रुपवर, पौषाच्या पहिल्याच दिवशी, तिचा निरोप होता: डब्यातलं कार्ड तक्त्यात लिहिल्यापेक्षा लहान दिसतंय. दोनच पंखे आहेत. हेच चालवायचं का? त्याखाली बजरंगचं गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. त्याखाली श्रीमंतच्या क्लासची जाहिरात. उत्तर कुणाचंच नाही. वीरण्णाचंही नाही.

"मग म्हटलं, दिलंय ते चालवावं. पाच तास वीस लागले, पाच तास वीस लिहिले. बजरंगदादांना दोन तास अकरा लागले म्हणून मी बी तसंच ठोकून द्यायचं का?"

भामाबाई दारातून म्हणाली, "खरं लिहिलं म्हणून चोर झाली. खोटं लिहिलं आस्तं तर सरपंच झाली आस्ती."

लुंबिनी हसली नाही. तिनं प्रकल्पाचं पान उघडलं. तिथं चमूच्या नावावर जमा झालेलं प्रत्येक काम वेळेसकट दिसतं.

"काका, हे माझं पौषातलं काम. पाच तास वीस, पाच तास बावीस, पाच तास एकोणीस. आता मधल्या ह्या ओळी बघा."

मधल्या ओळींत लिहिलं होतं: दोन तास दहा. दोन तास नऊ. दोन तास अकरा.

"ही माझी न्हाईत. माझ्या कार्डाचा डबा शुक्रवारी गेला. ही कामं आज सकाळीबी आली."

वीरण्णानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चोरानं गाय चोरली होती, आणि दूध रोज मालकाच्या दारात आणून ठेवत होता.

३

औशाला बजरंगचा स्टुडिओ स्टँडच्या रस्त्यावरच. दारात फेटा बांधलेल्या नवरदेवाचा माणसाएवढा फोटो, आत बजरंग. गडी मोकळा. वीरण्णाला बघताच त्यानं खुर्ची ओढली.

"या अण्णा! सापडला का चोर? का चोरीण म्हणू?"

"सापडंल. तुझा मार्गशीर्ष कसा गेला, बजरंगा?"

"लई जोरात! सव्वीस लग्नं. मशीनला श्वास घ्यायला टाइम न्हाई. चहाबी मी मिक्सिंग करता करता पेलो."

"मशीन महिनाभर अडकलेलं होतं मग."

"अडकलेलं म्हंजे? चोवीस तास!"

"आन् चमूचं कार्ड?"

बजरंगचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस उठून गेला. "ते... लावलं होतं की."

"चोवीस तास लग्नं चालली होती त्याच मशीनला?"

"मधी मधी."

"किती पंखे होते त्याला?"

"दोन." मग घाईनं, "तीन! तक्त्यात लिहिलंय की तीन."

"तक्त्यात लिहिलंय ते मला ठाऊक हाय. तू काय बघितलंस?"

बजरंगनं दाराकडं पाहिलं. गिऱ्हाईक नव्हतं. तो खाली बसला. "अण्णा, डबा मी उघडलाच न्हाई. कपाटावर ठिवला. सीझन होता. श्रीमंतनं आकडा मागितला तवा प्रकल्पाच्या पानावर गेलो, चमूच्या नावावर दोन तास अकरा दिसलं, तेच लिवलं. महिना संपला, डबा हाय तसा चाकूरला पाठवला. टॉवेलची गाठसुदिक सोडली न्हाई."

"आन् काल त्या पोरीवर हसलास."

बजरंगनं नजर कपाटाकडं वळवली.

"सीझनमधी मशीन रिकामं होतं म्हणणारा तू खरा, आन् पौषात काम होतं म्हणणारी ती खोटी. तुला कुणी इचारलं न्हाई, बजरंगा. तिला इचारलं. का इचारलं ते तुलाबी कळतंय, मलाबी."

वीरण्णा उठला. दारापर्यंत गेला तेव्हा मागून बजरंगचा आवाज आला. या खेपेला त्यात थट्टा नव्हती.

"अण्णा, एक इचारू? कार्ड म्हणून जे काय होतं ते माझ्या कपाटावर डब्यात पडलं होतं. मग मार्गशीर्षात दोन तास अकराची कामं करून राहिलं कोण?"

४

लातूरला परतल्यावर वीरण्णानं उपकेंद्रातली एक कोरी लॉगशीट काढली. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणलेली. त्यावर त्यानं दोन-तासवाल्या कामांच्या वेळा उतरवायला घेतल्या. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष.

कामं सलग नव्हती. सोमवार, मंगळवार, बुधवार: सकाळी साडेआठनंतर सुरू, दुपारी साडेचारला बंद. गुरुवारपासून रविवारपर्यंत दिवसा सगळं ठप्प, आणि कामं थेट रात्रीची. पुन्हा सोमवार, पुन्हा सकाळी साडेआठ.

पेन्सिल थांबली.

शहराला अशी वीज नसते. चाकूर गावठाणात नाही, औशाच्या स्टँडवर नाही, नांदेडला तर नाहीच. ही शेतीची लाइन. तीन दिवस दिवसपाळी, चार दिवस रातपाळी. ही पाळी वीरण्णानं स्वतःच्या हातानं अकरा वर्षं चालू-बंद केली होती. लोक आपल्या पोराचा आवाज ओळखतात, तसा तो एकेक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी एकेक लाइन, ओळखायचा.

आणि पाळी तिन्ही महिने तीच होती. कार्तिकात तीच, मार्गशीर्षात तीच, पौषात तीच. कार्ड औशाला गेलं नव्हतं. चाकूरला गेलं नव्हतं. पहिल्या घरातून ते हललंच नव्हतं.

त्या लाइनवर विहिरी होत्या, मोटारी होत्या, दोन आखाडे, म्हणजे शेतातली राहती घरं, होती. संगणक एकाच घरात होता.

नागुबाई गेली तेव्हा तेरा दिवस जो माणूस त्याच्या शेजारी नुसता बसून राहिला होता, त्याचं घर.

वीरण्णानं फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मग संगप्पाला नाही, श्रीमंतला लावला.

"उद्या सकाळी आठला डबा घेऊन रेणापूरला संगप्पाच्या आखाड्यावर ये. बजरंगला मी सांगतो. येताना चाकूरहून लुंबिनीला गाडीत घे."

तासाभरानं श्रीमंतचा फोन आला. "ती म्हणती, तुमच्या गाडीत बसणार न्हाई. स्वतःच्या स्कूटीवर येते."

"बरोबरच हाय तिचं," वीरण्णा म्हणाला.

५

मंगळवारी सकाळी आठ. आखाड्यावर तुरीची रास पडली होती. हवेत गारठा. संगप्पांनी चार माणसं बघितली, श्रीमंतच्या हातातला डबा बघितला, आणि काही न विचारता सतरंजी अंथरली.

आतल्या खोलीत टेबलावर संगणक. त्याची एका बाजूची पत्र्याची झाकणी काढून ठेवलेली. त्यासमोर स्टुलावर संगप्पांची बायको साखराबाई बसली होती. दोन्ही हात त्या उघड्या बाजूकडं धरून. हात सारखे थरथरत होते, वाऱ्यात पान हलावं तसे. संगणक बंद होता. तरी ती वाट बघत बसली होती.

"वहिनी, बऱ्या हाव का?" वीरण्णानं विचारलं.

"लाईट यायची हाय अजून," ती म्हणाली.

वीरण्णा सतरंजीवर बसला. "कुणी बोलू नका. घड्याळ तेवढं बघा."

"अण्णा, हे काय नाटक—"

"साडेआठ होऊ दे, श्रीमंत."

साडेआठ वाजले. दारातला बल्ब पेटला. लांब कुठंतरी मोटार सुरू झाली. आणि टेबलावरचा संगणक आपोआप जागा झाला. आधी बारीक, मग भरदार अशी एक घरघर खोलीत पसरली. श्रीमंतची मान झटक्यात वळली. पाळी लागायच्या आधी सहा महिने तो आवाज त्यानं क्लासात ऐकला होता. उघड्या बाजूनं तीन पंखे फिरताना दिसत होते.

वीरण्णानं लॉगशीट सतरंजीवर उलगडली. लाइनची पाळी, बजरंगचा न उघडलेला डबा, लुंबिनीचं पाच तास वीस, सगळं एकामागं एक सांगितलं. संगप्पाचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही.

"मीच," संगप्पा म्हणाले. "डब्यात माझं स्वतःचं जुनं कार्ड घातलं."

"पण का, सर?" श्रीमंतचा आवाज फाटला.

संगप्पांनी आत पाहिलं. साखराबाईचे हात आता पंख्यांच्या गरम वाऱ्यात होते. थरथर होती, पण लहान झाली होती. ती डोळे मिटून बसली होती, देवळात बसतात तशी.

"तिला कंपवात हाय. मी सांगून बसलो, ही मशीन तुझ्या हाताचं औषध शोधून राहिलीय. शिक्षक माणूस, खोटं न्हाई सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. तवापासनं ती रोज हात धरून बसती. कार्तिक संपला. मी भारी कार्ड काढलं, माझं जुनं लावलं. तिनं हात धरला आन् मला म्हणली, वारा कमी झाला. माझं औषध शोधायचं सोडून दिलं का त्यांनी?"

संगप्पांनी कोपऱ्यातल्या शेगडीकडं बोट दाखवलं.

"शेगडी आणली. म्हणली, ही नुसती ऊब हाय, ही काय शोधत न्हाई. मग मी कार्ड परत लावलं. चमूच्याच नावावर ठिवलं. वाटलं, बजरंग पहिल्या दिवशी बोंब मारंल, मी कबूल करीन. त्यानं मारलीच न्हाई."

"मी मारली होती," लुंबिनी म्हणाली. ती दारात उभी होती, आत आलेली नव्हती. "मी लिहिलं होतं, सर. पहिल्या दिवशी."

"वाचलं होतं."

"वाचलं होतं?"

"दोन दिवस फोन धरून बसलो, पोरी. उत्तर लिहिलं न्हाई."

६

लुंबिनी रडली नाही. आवाजही चढवला नाही. "सर, मी माफ केलं असं आज म्हणणार न्हाई. आधी लिहा. आत्ता, ग्रुपवर. सगळ्यांनी."

संगप्पांनी लिहिलं: कार्ड माझ्याकडं होतं, लुंबिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी गप्प राहिलो. बजरंगनं लिहिलं: माझा आकडा खोटा. श्रीमंतनं बराच वेळ अंगठे चालवले आणि फोन तिला दाखवला. लिहिलं होतं, थोडा गैरसमज झाला होता.

"गैरसमज न्हाई, दादा. तुम्ही मला चोर म्हणालात. तसं लिहा. चोर म्हणालो, पुराव्याशिवाय म्हणालो."

श्रीमंतचे कान लाल झाले. पण त्यानं तसंच लिहिलं.

"काका, तुम्हीबी."

वीरण्णा दचकला नाही. तो वाटच बघत होता. त्यानं लिहिलं: पौषात लग्न नसतं म्हणून मी मान डोलावली. तिला विचारायच्या आधी डोलावली.

मग लुंबिनीनं चपला काढल्या आणि आत गेली. साखराबाईच्या शेजारी खाली बसली.

"आजी, हे मोठं कार्ड आज न्यायचं हाय. दुसऱ्या घरी बी काम हाय त्याला."

साखराबाईनं डोळे उघडले. "मग माझं?"

"तुमचं जुनं परत बसवते. माझ्याकडं होतं महिनाभर. मी त्याला लई चांगलं ओळखते."

"ते कमी शोधतं."

"कमी न्हाई, आजी. हळू. मोठ्याला दोन तास लागतेत, ह्याला पाच तास वीस मिनिटं. पण महिन्याभरात ह्यानं एकबी काम अर्ध्यात सोडलं न्हाई. मी रोज लिहून ठिवलंय."

म्हातारीनं विचार केला. "हळू हुडकणाराबी हुडकतोच की," ती म्हणाली.

लुंबिनीनं वीज काढली, मोठं कार्ड उतरवून टॉवेलात ठेवलं, डब्यातलं जुनं बसवलं. संगणक सुरू झाला तसं तिला काहीतरी सुचलं. "सर, आजींच्या नावावर कधी चालवलं न्हाई ना?"

"तिच्या? न्हाई बा."

"आजी नुसत्या औषधाची वाट बघत का बसतेत मग? त्याबी हुडकणाऱ्यांत पाहिजेत."

तिनं नवीन खातं उघडलं, नाव टाकलं, आणि साखराबाईचा थरथरता हात आपल्या हातात घेऊन बटणावर ठेवला. बोट तीनदा हुकलं. कुणी मदत केली नाही. चौथ्यांदा बसलं.

निघताना वीरण्णा संगप्पाजवळ थांबला. संगप्पांनी हुरड्याची पिशवी त्याच्या हातात दिली, आणि त्यानं ती घेतली. लुंबिनीलाही दिली. तिनं क्षणभर पाहिलं, आणि म्हणाली, "आजींनी दिली म्हणून नेते."

बुधवारी श्रीमंत ठाण्यात गेला नाही. सकाळी वीरण्णानं चहा घेता घेता प्रकल्पाचं पान उघडलं. 'गोदा-मांजरा'च्या यादीत तळाला एक नवी ओळ आली होती, काल दुपारी लाइन जायच्या थोडं आधी जमा झालेली.

साखराबाई. काम एक. पाच तास वीस मिनिटं.